पाण्याच्या रंगाचं सिंक

विरारजवळच्या आमच्या नंदाखालमध्ये हल्ली कुठल्याही आळीत शिरा, दोनपैकी एक गोष्ट चालू असतेच. एक तर कुणीतरी परदेशी निघालेलं असतं, नाहीतर कुणाचं तरी स्वयंपाकघर मॉड्युलर होत असतं. बहुतेक वेळा पहिल्यामुळे दुसरं होतं. मुलगा कॅनडाला पोचतो, स्थिरस्थावर होतो आणि इकडे आईचा ओटा फुटतो.

पूर्वी पाहुणा आला की त्याला वाडी दाखवायची पद्धत होती. केळी, पानवेल, मोगरा, विहीर, जमलं तर गोठा. आता वाडी मागे राहिली आहे, म्हणजे जिथे राहिली आहे तिथे. पाहुण्याला किचन दाखवतात. खण ओढून दाखवतात, तो कसा हळूच आपोआप बंद होतो ते दाखवतात, आणि पाहुण्याने ‘वा’ म्हणेपर्यंत पुन्हा ओढतात. चिमणी दाखवतात. सगळ्यात शेवटी यजमान सिंकपाशी येतो, बोटांच्या पेरांनी त्याच्या कडेवर टकटक करतो आणि म्हणतो, “ग्रॅनाइट!” पाहुण्यानेही मग टकटक करून पाहायची असते. आवाज काय यायला हवा हे दोघांनाही ठाऊक नसतं, पण मान दोघेही डोलावतात.

हे कौतुक शेवटी येतं याचं कारण सिंकची खरेदीही शेवटीच होते. टाइल्स ठरतात, ओट्याचा दगड ठरतो, कपाटांचा रंग ठरतो, त्यावरून नवराबायकोत जी काही बोलणी व्हायची ती होतात, पैसे संपत येतात आणि मग कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, “सिंकचं माप द्या, उद्या कटिंग आहे.” जिथे बाईचा दिवसाचा निम्मा वेळ जाणार, ती वस्तू एका संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या बेतात असताना ठरते. नळाला मात्र आठवडा दिलेला असतो.

आमच्याकडेही हीच वेळ आली तेव्हा आम्ही दोघं विरार स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता, मला अंकल आणि हिला आंटी म्हणत होता. त्याने आम्हाला स्टीलच्या सिंकांपुढून असं झपाट्याने नेलं, की तिथे थांबणं आम्हालाच कमीपणाचं वाटावं. पुढे भिंतीला ओळीने काळी, करडी, पांढरी, कॉफी रंगाची सिंकं टांगलेली. “अंकल, हे स्टोन आहे. पूर्ण स्टोन. आयुष्यभर बघायचं काम नाही.” त्याने खिशातून नाणं काढलं आणि काळ्या सिंकवर करकचून ओढलं. पांढुरकी रेघ उठली. हिचा जीव वरखाली झाला. त्याने अंगठा थुंकीने ओला केला, रेघेवर फिरवला, रेघ गेली. जादूगाराने टोपीतून ससा काढल्यावर करावा तसा चेहरा त्याने केला.

जादू काही नाही. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी. काठिण्याच्या मोजपट्टीवर ती 7 वर बसते आणि चाकूचं पोलाद साधारण साडेपाचावर. तेव्हा नाणं सिंकला खरवडत नाही, सिंकच नाण्याला खरवडतं. उठलेली रेघ ही नाण्याची भुकटी. घरी उलथनं, ॲल्युमिनियमचा टोप, बिडाचा तवा घासला जाईल तेव्हाही हेच होणार आहे. सिंकवर करड्या रेघा उठतील, घरातली बाई कपाळाला हात लावेल, आणि त्या रेघा म्हणजे खरं तर तिचा टोप झिजल्याच्या पावत्या असतील. मऊ घासणीला थोडी पूड लावून चोळलं की जातात.

‘पूर्ण स्टोन’ हे मात्र पूर्ण खरं नाही. डोंगरातून शिळा आणून कुणी तिला टाकीने कोरत नाही. सुमारे ऐंशी टक्के क्वार्ट्झचे किंवा ग्रॅनाइटचे बारीक कण, उरलेलं ॲक्रिलिक, त्यात रंग. हे सगळं साच्यात ओतायचं आणि तापवून घट्ट करायचं. जर्मनीतल्या शॉक नावाच्या कंपनीने 1979 साली हे तंत्र काढलं. पुढे 1987 मध्ये भावनगरला ॲक्रिसिल ही कंपनी उभी राहिली आणि तिने त्याच जर्मनांशी तांत्रिक करार करून आपल्याकडे ही सिंकं बनवायला घेतली. आज ती कॅरिसिल नावाने ओळखली जाते आणि तिचा माल परदेशातही जातो. म्हणजे आमच्या आळीतल्या मुलाने कॅनडात ज्या सिंकमध्ये स्वतःची ताटली विसळायला शिकायचं, ते भावनगरहून आलेलं असू शकतं. इकडे आई त्याच्यासाठी हळहळते की पोराला तिथे भांडीसुद्धा स्वतः घासावी लागतात.

दगडाचा चुरा कशात तरी कालवून त्याचं भांडं करायचं ही कल्पना आम्हाला नवीन नाही. मुंबईतल्या जुन्या इमारतींत आणि त्यांचं पाहून आमच्याकडच्या बंगल्यांतही मोझॅकच्या मोऱ्या आणि कुंड्या असत. संगमरवराची खडी, सिमेंट, रंग, आणि वरून घोटाई. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची ती कुंडी गुळगुळीत असायची, थंड असायची, आणि तिच्यावर काहीही पडलं तरी तीच शिल्लक राहायची. फोडताना गवंड्याने घणाचे घाव घालून शिव्या दिलेल्या मी ऐकल्या आहेत. आता त्याच ठिपक्यांसाठी दहा-पंधरा हजार मोजायचे, फक्त सिमेंटच्या जागी ॲक्रिलिक. दुकानदाराला हे सांगितलं तर तो म्हणाला, “अंकल, ते जुनं. हे जर्मन टेक्नॉलॉजी.” वाद मिटला.

आयुष्यभराच्या हमीबद्दल मात्र मला विचारावंसं वाटलं, की आयुष्य कुणाचं? माझं, सिंकचं की दुकानाचं? दगडी वस्तूच्या टिकाऊपणाचा खरा दाखला आमच्या शेजारीच आहे. सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात, म्हणजे तिथल्या स्तूपात, 1882 च्या एप्रिलमध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी खणून एक मोठी दगडी पेटी बाहेर काढली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. तो ठेवा आज मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. दीड हजारांहून अधिक वर्षं ती पेटी जमिनीत राहिली आणि तिचं काहीही बिघडलं नाही. अर्थात तिच्यात कुणी रोज बोंबील धुतले नव्हते.

बोंबलांवरून मोरीची आठवण निघणारच. आमच्या लहानपणी भांडी घरात घासतच नसत. मागच्या दाराला, विहिरीच्या वाटेवर, दगडी फरशीची मोरी. तिथे आई उकिडवी बसायची. एका बाजूला चुलीतली राख, एका बाजूला नारळाच्या सोडणाचा चोथा, आणि पितळेच्या भांड्यांसाठी चिंचेचा कोळ. खरकटं कोंबड्यांना, माशांची खवलं नि डोकी मांजरांना, आणि राखेचं पाणी पाटाने थेट अळूत आणि केळीच्या आळ्यात. आमच्या मोरीजवळच्या केळीचा घड वाडीतल्या बाकी घडांपेक्षा मोठा असायचा आणि वडील त्याचं श्रेय स्वतःच्या खताला द्यायचे. मोरीवर ऊन यायचं हे विशेष. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, त्यामुळे सकाळी पिवळी झालेली फरशी संध्याकाळी आपली आपण स्वच्छ. आता सिंक घरात आलं, खिडकीला ग्रिल, ग्रिलला जाळी, जाळीबाहेर शेजाऱ्याची भिंत. हळदीला कोण उडवणार?

पण मोरीच्या आठवणीने गहिवरून येणारे बहुतेक पुरुषच असतात, हे मी पाहून ठेवलं आहे. आईने कधी मोरीचं नाव प्रेमाने काढलं नाही. पावसात डोक्यावर इरलं घेऊन, गुडघे दुखत असताना, पन्नास माणसांच्या जेवणाचे टोप घासणं यात गहिवर येण्यासारखं काय आहे, असं ती म्हणाली असती. सिंकने एक मोठं काम केलं. बाईला उभं केलं. चूल ओट्यावर आली तेव्हा ती निम्मी उठली, मोरी ओट्यावर आली तेव्हा पूर्ण. आमच्या घरात पहिलं स्टीलचं सिंक बसलं त्या दिवशी आई त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, “आता बसायला पाट नको.” बस्स, एवढंच.

स्टील वाईट नाही, हे मी त्या दुकानदारापुढे बोललो नाही, पण इथे बोलतो. शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीने 1913 साली न गंजणारं पोलाद काढलं, आणि त्याने जगातल्या जेवढ्या स्वयंपाकघरांवर उपकार केले तेवढे कुठल्या पाककलेच्या पुस्तकानेही केले नसतील. 304 जातीचं, म्हणजे साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असलेलं, जरा जाड पत्र्याचं सिंक घेतलं तर ते समुद्राच्या खाऱ्या हवेतही वर्षानुवर्षं चालतं. स्वस्तातलं घेतलं तर त्याच्यावर तांबूस ठिपके येतात आणि मग घरात प्रत्येक जण दुसऱ्याने तिथे खिळा ठेवला होता असं सांगतो.

स्टीलला एक गुण आणखी आहे, तो कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो. ते बोलतं. घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, पण ते किती जोरात लागलं हे कळायला सिंक स्टीलचं हवं. आमच्या घरात मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असताना नुसत्या आवाजावरून आतलं हवामान ओळखायचो. वाट्या एकात एक बसल्याचा किणकिणाट म्हणजे सगळं आलबेल. चमचे मुठीने टाकल्याचा आवाज म्हणजे माझ्या बहिणीचा फोन येऊन गेला. आणि कुकरचं झाकण वरून सोडल्याचा तो एक मोठा, घुमणारा, शेजाऱ्यांनाही कळेल असा नाद झाला, की पेपर घडी करून आपण बाजारातून काही आणायचं आहे का विचारायला आत जावं. दगडी सिंक हे सगळं गिळून टाकतं. ‘धप्’ होतं आणि संपतं. दुकानदार अभिमानाने म्हणाला, “आंटी, आवाज एकदम नाही.” हिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातातलं एक मोठं हत्यार काढून घेतलं जात होतं आणि तेही वर पैसे मोजून. “मग मला बोलावं लागेल,” ती म्हणाली. तेव्हापासून ती बोलते.

खरा घोळ रंगापाशी झाला. काळं दिसतं झकास. वर काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, त्यात काळं सिंक, कुठे ओटा संपतो आणि कुठे सिंक सुरू होतं हे कळूच नये. दुकानातल्या दिव्याखाली ते अमावास्येच्या विहिरीगत खोल दिसत होतं. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. हिने विचारलं, “ह्याच्यात पाणी सुकलं की कसं दिसतं?” दुकानदाराने असा प्रश्न कधी ऐकला नसावा. त्याच्या दुकानातल्या सिंकांना पाण्याचा स्पर्श झालेलाच नव्हता.

हा प्रश्न नंदाखालच्या बाईलाच पडू शकतो. आमच्या पट्ट्यात पाणी ही साधी गोष्ट कधीच नव्हती. एका बाजूला समुद्र, खाली वाळू, आणि खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत असलेला गोड्या पाण्याचा थर. जपून उपसलं तर तो थर पुरतो, अधाशासारखं उपसलं की खालचं खारं पाणी वर सरकतं. जुन्या लोकांना हे शास्त्र म्हणून ठाऊक नव्हतं, सवय म्हणून ठाऊक होतं. म्हणून गावोगावी बावखलं, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारी तळी, होती. पावसाळ्यात ती भरायची, हळूहळू जमिनीत मुरायची आणि आसपासच्या विहिरी गोड ठेवायची. मग बावखलं बुजवून त्यांवर इमारती आल्या, विहिरींना मोटारी आणि मोटारींना टँकर लागले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीचं आंदोलन उभं राहिलं, त्याचं नेतृत्व केलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच नंदाखालचे, 1942 साली इथेच जन्मलेले. त्यांच्या सभांना आईही जायची. टँकरवाल्यांवर बोललेलं तिला समजायचं, कारण संध्याकाळी चहा मचूळ लागायचा.

तर या पाण्यात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं. पाणी उडून जातं, हा क्षार मागे राहतो. भांड्यावर, नळाच्या तोंडाशी, बादलीच्या आत जे पांढरं पुट चढतं तेच. स्टीलवर ते धूसर दिसतं, चालून जातं. काळ्या सिंकवर मात्र प्रत्येक थेंब सुकताना आपली पांढरी हद्द आखून जातो. रात्री घासूनपुसून झोपा, सकाळी पाहावं तर कुणी तांदळाच्या पिठाने ठिपक्यांची रांगोळी काढून ठेवल्यासारखं. आळीतल्या ज्या घरांनी काळं सिंक घेतलं त्या घरांतल्या बायका आता दुरून ओळखू येतात, त्यांच्या खांद्यावर कायम एक कोरडं फडकं असतं. एका वहिनींनी सांगितलं, “आमच्याकडे सिंक बघून कळतं, आज नळ आला होता की विहिरीचं चाललंय.” धामणी धरणाचं, सूर्या योजनेचं पाणी आलं असेल त्या दिवशी सिंक काळं. नाही आलं त्या दिवशी करडं.

“मग पांढरं घ्या,” असं म्हणायला माझ्यासारख्या माणसाचं काही जात नाही. क्षार दिसणारच नाही. पण आमच्या घरात हळद आहे, शिरक्यातलं मसालेदार इंद्याल आहे, कोकम आहे, आणि दिवसातून जितक्या वेळा कुणी दारात येईल तितक्या वेळा चहा आहे. दुकानदार म्हणाला, डाग पडतच नाही, आणि त्याचं म्हणणं एका अर्थी बरोबर होतं. गारगोटीला सहसा डाग पडत नाही. पण पाण्याचा क्षार तिच्यावर पातळसा थर धरून बसतो, त्या थराला बारीक भोकं असतात, आणि चहा जाऊन त्या भोकांत बसतो. बाई घासत बसते सिंक, डाग असतो क्षारात. तेव्हा क्षार घालवला की त्याच्याबरोबर चहाही जातो. म्हणजे काळं घेतलं तर क्षार उघडा दिसतो, पांढरं घेतलं तर तो चहाचा मुखवटा घालून येतो. आरोपी दोन्हीकडे एकच. आम्ही सिंक निवडायला गेलो होतो आणि निवडायचं खरं तर पाणी होतं, जे कुठल्याच दुकानात टांगलेलं नव्हतं.

क्षारावरचं औषध आमच्या घरात आधीपासून होतं, हा मला झालेला सगळ्यात मोठा आनंद. ताडीचा शिरका. इंद्यालासाठी जो बरणीत भरून ठेवलेला असतो तोच. त्यातलं आम्ल क्षाराला खातं. निम्मं पाणी घालून फडकं भिजवायचं, पुटावर थोडा वेळ ठेवायचं, मग पुसून भरपूर पाण्याने धुवायचं, पाणी कुठलं का असेना, आणि ताबडतोब कोरडं करायचं. कोरडं करणं यातच सगळं आलं. लिंबाची साल चोळली तरी चालतं. संडास साफ करायचं जालीम ॲसिड आणि तुंबलेला पाइप उघडायची ती कॉस्टिकची पूड मात्र दूर ठेवावी, कारण दगडाचं काही झालं नाही तरी दगडाला धरून ठेवणाऱ्या ॲक्रिलिकला ती दोन्ही मानवत नाहीत. तारेची घासणी तर नकोच. तिने सिंक घासलं जात नाही, घासणी घासली जाते आणि तिचा करडा रंग सिंकला मिळतो.

उष्णतेचं सांगायचं तर 280 अंशांपर्यंत काही होत नाही असं बनवणारे सांगतात. उकळता पेजेचा टोप त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पण रिकामा तापलेला बिडाचा तवा त्याच्या पुढे जाऊ शकतो, शिवाय तो हातातून निसटतो. या सिंकचं वैर घासण्याशी नाही, आपटण्याशी आहे. स्टीलला पोचा पडतो, ह्याचा टवका उडतो. आमच्याकडे पाटा-वरवंटा अजून आहे, मसाला त्याच्यावर वाटला की हिला समाधान वाटतं. तो वरवंटा धुवायला सिंकमध्ये आणायचा नाही असा ठराव झाला. पाटा आमचा इथल्याच काळ्या पत्थराचा. तो खरखरीत राहावा म्हणून पूर्वी दारावर टाकी लावणारे यायचे आणि पैसे देऊन आपण दगड खडबडीत करून घ्यायचो. आता पैसे देऊन गुळगुळीत घेतो. दोन दगडांना एका खोलीत ठेवायचं म्हणजे मधे कुणीतरी समजूतदार माणूस लागतो.

मापाचं हिने फारच मनावर घेतलं. दुकानदार दोन कप्प्यांचं सिंक दाखवत होता, एकात घासा, एकात विसळा. पाश्चात्य माणसाच्या चार ताटल्यांचं ते सुख. नाताळात आमच्या घरी जो टोप चुलीवर चढतो तो त्यातल्या कुठल्याच कप्प्यात आडवासुद्धा जाणार नव्हता. हिने मला हात पसरायला लावले, टोपाचा घेर दाखवायला. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी हात पसरले. मग तिने एका सिंकसमोर उभं राहून, हातात काही नसताना, भांडी घासून दाखवली. कोपर कुठे येतो, पाठ किती वाकते, तळाशी पडलेला चमचा उचलताना कपाळ नळाला लागतं का. खोल सिंक दिसायला छान, शिंतोडे उडत नाहीत, पण बुटक्या बाईला तळ गाठताना त्याच्यात डोकवावं लागतं. दुकानदार प्रथम हसला, मग गप्प झाला, मग त्याने मोबाइल काढून तिचं उभं राहणं टिपून घेतलं. त्याच्या बायकोलाही किचन करायचं होतं.

आम्ही शेवटी जे घेतलं ते एकाच मोठ्या कप्प्याचं, बेताच्या खोलीचं आणि रंगाने ना काळं ना पांढरं. माहितीपत्रकात त्या रंगाला भारदस्त इंग्रजी नाव होतं. हिने पाहताच सांगितलं, “हा आपल्या विहिरीच्या तळाचा गाळ.” त्याच्यावर क्षारही दिसत नाही आणि चहाही दिसत नाही, निदान पाहुण्याला दिसत नाही. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघून विचारलं, “हे आधीच मळलेलं आणलंत का?” आणि मग महिनाभराने, कुणी न विचारता, “बरं आहे हे. ओरडत नाही.” हे सिंकबद्दल होतं की घरातल्या कुणाबद्दल, याची मी चौकशी केली नाही.

यानंतर आळीत हिचा सल्ला चालू लागला. परवा भाचीचं किचन निघालं. तिचं घर रस्त्याच्या पलीकडे, विहीर वेगळी, पाणी वेगळं. ही तिला घेऊन त्याच दुकानात गेली, मागून मीही गेलो, हात पसरायची वेळ आली तर असावं म्हणून. दुकानदाराने ओळखलं. “बोला आंटी!” त्याने खिशात नाण्यासाठी हात घातला. हिने पर्समधून भाचीच्या विहिरीच्या पाण्याची बाटली काढली आणि काळ्या, करड्या, पांढऱ्या, कॉफी अशा सगळ्या सिंकांत थोडं थोडं शिंपडलं. “आता सुकू दे. तोवर चहा सांगा. दूध घालून, आणि एक कप जास्त, त्यातला थोडा पांढऱ्यात सांडायचाय.”

दुकानदाराने पोऱ्याला चहाला पिटाळलं, पंख्याचं तोंड सिंकांकडे वळवलं, आणि जरा घुटमळून काउंटरखालून एक रिकामी बाटली काढली. म्हणाला, “आंटी, आमच्या बिल्डिंगला टँकर येतो. उद्या मी आमचं पाणी आणू का?”